झोपणारा शेतकरी

मार्कच्या शुभवर्तमानातल्या चौथ्या अध्यायात बियांचे तीन दाखले आहेत. पेरणाऱ्याचा दाखला बहुतेकांना पाठ असतो आणि मोहरीच्या दाण्याचा त्याहून लाडका. त्या दोघांच्या मधे, २६ ते २९ अशा चारच वचनांचा, तिसरा दाखला अंग चोरून बसला आहे. मत्तय आणि लूक या दोघांच्याही शुभवर्तमानांत तो नाही. मला मात्र तिन्हींत तोच सरस वाटतो.

गोष्ट एवढीशीच. माणूस जमिनीत बी टाकतो. रात्री झोपतो, दिवसा उठतो. बी रुजतं, वाढतं. कसं, ते त्याला ठाऊक नसतं. जमीन आपणहून आधी पात देते, मग ओंबी, मग ओंबीत भरलेला दाणा. पीक तयार झालं की तो लगेच विळा लावतो.

आता यात काय गाळलंय ते पाहा. नांगरट नाही, खुरपणी नाही, राखण नाही, पावसाची वाट पाहणंसुद्धा नाही. गालीलात पेरणी शरद ऋतूतल्या पहिल्या पावसावर व्हायची आणि गहू हाती यायला उन्हाळा उजाडायचा. सरोवराकाठी जमलेल्या लोकांना मधल्या महिन्यांतले कष्ट काय सांगायचे? तरीही येशू ते सगळे बाजूला ठेवतो आणि त्या महिन्यांतली एकच गोष्ट सांगतो : झोप. तीही आधी, उठणं नंतर. यहुदी दिवस सूर्यास्ताला सुरू होतो, त्यामुळे ऐकणाऱ्यांना हा क्रम सहज वाटला असेल. पण त्यातून निघतं ते विलक्षण आहे. या शेतकऱ्याचा दिवस हातातलं काम सोडून देण्यापासून सुरू होतो. तो उठतो तेव्हा वाढ आधीच चालू असते.

पेरणाऱ्याचा दाखला ऐकला की माणूस स्वतःला तपासू लागतो : मी वाटेवरची जमीन, खडकाळ, काटेरी, की चांगली? ही तपासणी हवीच. पण तिची चटक लागली की साधक रोज बी उकरून मोड आलाय का ते बघू लागतो. त्याच्यासाठी हा दाखला आहे. शेतकरी आळशी नाही : पेरणी त्याची, कापणीची वेळ ओळखणं त्याचं. मधलं त्याचं नाही, आणि ते न कळणं हा त्याचा दोष म्हणून कुठेही सांगितलेला नाही. शिवाय पातीला कुणी ‘अजून ओंबी का नाही’ म्हणून दटावत नाही. प्रार्थना कोरडी गेली म्हणून खचणाऱ्यांनी एवढं तरी लक्षात घ्यावं.

मत्तयाच्या तेराव्या अध्यायात पेरणाऱ्यानंतर निदणाचा दाखला येतो. तिथेही माणसं झोपतात, पण ती झोपलेली असतानाच वैरी येऊन गव्हात निदण पेरून जातो. मत्तयाला मार्कची निर्धास्त झोप परवडली नसावी, असा आपला माझा तर्क.

मार्क मात्र ती झोप सोडत नाही. त्याच दिवशी संध्याकाळी तारवं सरोवरात लोटली जातात, वादळ उठतं, लाटा आत शिरतात आणि येशू मागच्या बाजूला उशीवर डोकं ठेवून झोपलेला असतो. शिष्य त्याला घाबरून उठवतात. दिवसा सांगितलेली गोष्ट रात्री सांगणाऱ्याच्याच अंगात उतरते, आणि ऐकणाऱ्यांना ती समजली नव्हती हेही उघड होतं. छापील बायबलात या प्रसंगावर नवं शीर्षक असतं, म्हणून पुष्कळ वाचक दाखले संपले की ३४व्या वचनाशी थांबतात. तुम्ही थांबू नका. अध्याय ४१व्या वचनापर्यंत एका बैठकीत वाचा.