राईचा नव्हे, रायचा पर्वत

'राय' म्हणजे आपली फोडणीतली राई नव्हे. गव्हाच्या गणगोतातलं, थंड मुलखातलं ते धान्य. कॅलिफोर्नियातल्या हील्ड्सबर्गच्या 'बेअर रिपब्लिक'ने 'हॉप रॉड राय' नावाची बिअर काढली, तीत ही राय १८ टक्के. बँकेतल्या माणसाला १८ टक्के म्हटलं की व्याजच आठवणार!

रंग तांबूस. पहिल्या घोटाला हॉप्सच्या फुलांनी सगळा काउंटर अडवला: संत्र्याची साल, देवदाराची राळ आणि पाठोपाठ पाडव्याच्या कडुनिंबाचा कडूपणा. गूळही होता म्हणा, मोड आणून भाजलेल्या बार्लीतला. मग मागच्या दाराने राय आली. कोरडी, मिऱ्यासारखी, न बोलता. रायला टरफल नसतं, शिवाय तिचा लगदा चिकटतो, त्यामुळे गाळताना खोळंबा होतो. एवढी खटपट करून आणलेल्या धान्याचं नाव शेवटी, हॉप्सचं पहिलं! कचेरीतलीच रीत.

पण हॉप्स ओरडून थकल्यावर जिभेवर उरली ती रायच. नुसता कडूपणा कुणालाही जमतो हो; त्याला चव यायची तर कुणीतरी मुकाट्याने राबावं लागतं. मद्यार्क मात्र ८ टक्के. तेव्हा पहिला ग्लास मुद्दल, दुसरा कर्ज.