‘चहा आला’

परदेशातल्या दैनंदिन जीवनावरचे लेखन वाचताना मी एक प्रश्न हाताशी ठेवतो : सकाळचा चहा कोणी आणला? मी साहित्याचा प्राध्यापक नाही. जे वाचले ते नोकरी सांभाळून, ग्रंथालयाच्या कार्डावर. तेव्हा माझी फूटपट्टी साधीच असणार. पण ती लावली की काही नावाजलेल्या कलाकृती वेगळ्या दिसतात. त्यांपैकी तीन इथे पाहू.

पहिली सॉमरसेट मॉम यांची ‘दि आउटस्टेशन’ ही कथा, ‘द कॅझुअरिना ट्री’ (१९२६) या संग्रहातली. बोर्निओतल्या आडवळणी ठाण्यावर वॉरबर्टन हा इंग्रज अधिकारी राहतो. लंडनचा ‘टाइम्स’ त्याच्याकडे गठ्ठ्याने येतो, सहा आठवडे शिळा. पण तो गठ्ठा एकदम फोडत नाही. रोज सकाळी एकच अंक, तारखेच्या क्रमाने, चहाबरोबर. रात्री एकटा असला तरी साग्रसंगीत पोशाख करूनच जेवायला बसतो. कूपर हा नवा मदतनीस त्याच्या गैरहजेरीत सारे अंक फोडून विस्कटतो आणि दोघांतले वैर पेटते.

या दिनक्रमाकडे आपण एकाकी माणसाचा हट्ट म्हणून पाहतो. विषुववृत्तावर ऋतू फारसे बदलत नाहीत, एक दिवस दुसऱ्यासारखा. मग क्रम हाच आधार. हे खरेच आहे. पण तो क्रम राखतो कोण? रोजचा एक अंक चहाशेजारी मांडायचे काम मलायी नोकराचे. वॉरबर्टनचे इंग्लंड दररोज सकाळी त्याच्या हातून व्हरांड्यात येते. मॉमना हे नक्की ठाऊक होते, कारण कथेची कळच तिथे आहे. कूपर आपल्या अबास या नोकराने सोडून जाऊ नये म्हणून त्याचा पगार अडकवतो आणि अखेर त्याचा खून होतो. वॉरबर्टन पुन्हा शांतपणे ‘टाइम्स’ उघडतो. कथा बांधेसूद आहे. तरी माझा आक्षेप राहतोच : पगार हाती आला असता तर अबास कुठे जाणार होता, त्याचे घर कसे होते, हे आपल्याला कळत नाही. तो खून करण्यापुरता कथेत येतो.

दुसरी जॉर्ज ऑर्वेल यांची ‘बर्मीज डेज’ (१९३४) ही कादंबरी. ऑर्वेल १९२२ ते १९२७ ब्रह्मदेशात पोलीस अधिकारी होते. कादंबरीतल्या गोऱ्यांच्या क्लबात बर्फ संपत येतो, आणि दक्षिण भारतीय बटलर ते शुद्ध इंग्रजीत सांगतो. एलिस भडकतो. बर्फ संपल्याचे दुःख आहेच. पण नोकराने मोडकेतोडके बोलायचे सोडून नीट वाक्य बोलावे, हे त्याला जास्त झोंबते. या छोट्या प्रसंगात ऑर्वेल मॉमच्या पुढे जातात. नोकराला नुसते हात नसून भाषाही आहे, हे इथे दिसते. नायक फ्लोरीच्या मृत्यूनंतर त्याचा जुना नोकर को स्ला चहाचे दुकान काढतो, ते बुडते आणि तो पुन्हा चाकरीला लागतो. मोजक्या ओळींतच, पण ऑर्वेल त्याला विसरत नाहीत.

तिसरे लेखक लेनर्ड वुल्फ. ते १९०४ ते १९११ सिलोनमध्ये सनदी अधिकारी होते. शेवटची तीन वर्षे हंबनटोटात. परतल्यावर लिहिलेल्या ‘द व्हिलेज इन द जंगल’ (१९१३) या कादंबरीत क्लब नाही, टेनिस नाही, साहेबाची करमणूक नाही. जंगलाने गिळत आणलेले एक गाव, सिलिंदू हा शिकारी आणि त्याच्या जुळ्या मुली. गोरा माणूस येतो तो प्रामुख्याने न्यायासनावर, आणि समोर काय घडते आहे ते त्याला पुरते उमगत नाही. वुल्फ यांनी स्वतःचीच खुर्ची अशी कडेला सरकवली. लेस्टर जेम्स पेरिस यांनी या कादंबरीवर सिंहली चित्रपट काढला, तेव्हा वुल्फ यांची भूमिका केली आर्थर सी. क्लार्क यांनी. तेही १९५६पासून श्रीलंकेतच राहिलेले इंग्रज!

आता ही फूटपट्टी घरच्या कपड्यावर. माझी मुलगी सिंगापुरात राहते. तिच्याकडे तीन महिने काढून आल्यावर मीही एका दिवाळी अंकात लेख लिहिला होता : वर्षभर सातच्या सुमारास उगवणारा सूर्य, टेक्का मार्केटातली कढीपत्त्याची जुडी, थंडीवाचूनची दिवाळी. परवा तो पुन्हा वाचला आणि वाक्ये खटकली. ‘चहा आला.’ ‘चकल्या झाल्या.’ ‘कंदील लागला.’ आपली मराठी फार सोयीची भाषा आहे. तिच्यात चहा आपल्या पायांनी येतो. ‘बॉय’ म्हणून हाक मारायची गरजच नाही.

चहा आणणारी बाई म्यानमारची होती. ती त्याच घरात राहते. तिच्यासारख्यांना आठवड्याची सुट्टी सिंगापूरच्या कायद्याने २०१३मध्ये दिली. पण जादा पैसे देऊन ती कामात बदलून घेता येई. महिन्यातून निदान एक सुट्टी तरी अशी विकत घेता येऊ नये, हा नियम २०२३चा. तीन महिने मी तिच्या हातचे जेवलो. रविवारी ती कुठे जाते, हे मी विचारले नाही. साहेबांच्या पुस्तकांवर मात्र वह्या भरभरून टिपणे काढली.

परदेशस्थ मराठी माणसांचे अनुभव दरवर्षी दिवाळी अंकांत येतात, आणि मी ते आवडीने वाचतो. त्यांत नोकरांची कैफियत असलीच पाहिजे, असे माझे म्हणणे नाही. एवढेच सुचवतो की वाक्याला कर्ता द्यावा. वुल्फ यांनी अख्खी कादंबरी दिली. आपल्याला एक शब्द पुरे. माझा लेख पुस्तकात घ्यायचे चालले आहे. त्यातले ‘चहा आला’ मी खोडले आहे. तिथे तिचे नाव घालायचे आहे. पण आधी मुलीला फोन करून, तिची हरकत नाही ना, हे तिलाच विचारायला सांगितले आहे.