फरशी पुसणारीची साक्ष

इंग्रजीत 'कोझी मिस्टरी' नावाच्या कादंबऱ्यांची सध्या चलती आहे. कोझी म्हणजे उबदार. या उबदार रहस्यकथेत खून होतो, पण रक्ताचा वास येत नाही. टुमदार खेडे असते, चर्च असते, चहाची वेळ असते, मांजर असते आणि खुनाचा छडा पोलिसांऐवजी एखादी निवृत्त बाई, ग्रंथपाल किंवा केक विकणारी लावते. थंडीचा हंगाम आला, नाताळ जवळ आला की प्रकाशक अशा पुस्तकांचे गठ्ठे बाजारात ओततात. आपल्याकडच्या इंग्रजी पुस्तकांच्या दुकानांतही ते दर्शनी फळीवर मांडलेले असतात.

या पानांवर असल्या वेळघालवू वाङ्मयाचे काय काम, असे आमचे काही कार्यकर्ते मित्र विचारतील. मीही विचारले असते. परंतु वर्गातल्या एका विद्यार्थिनीने रिचर्ड ऑस्मन यांची 'द थर्सडे मर्डर क्लब' (२०२०) वाचली आणि मला म्हणाली, "सर, हे चार म्हातारे दिवसभर केक खातात, वाइन पितात नि खून शोधतात. यांच्या ताटल्या कोण धुतं?" तिची आई पाच घरची धुणीभांडी करते. हा प्रश्न वाङ्मयीन नव्हे, असे आपले सौंदर्यवादी समीक्षक म्हणतील. माझ्या मते या वाङ्मयप्रकाराला विचारता येण्याजोगा याहून वाङ्मयीन प्रश्न नाही. म्हणून तो हातात धरून मी या हंगामात काही नवी-जुनी पुस्तके वाचली.

या प्रकाराचे मूळ दोन महायुद्धांमधल्या इंग्लंडात आहे. अगाथा ख्रिस्ती यांची मिस मार्पल १९३० च्या 'द मर्डर अ‍ॅट द व्हिकारेज' या कादंबरीत आली आणि सेंट मेरी मीड हे कल्पित खेडे जगभरच्या वाचकांचे माहेर झाले. कवी ऑडन यांनी १९४८ साली या प्रकारावर एक निबंध लिहिला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे की, हे खेडे म्हणजे पतनापूर्वीचे नंदनवन आहे. खून हा त्यावर पडलेला डाग. एक अपराधी सापडला, बाहेर काढला की बाकीचे सगळे पुन्हा निष्पाप होतात. वाचकाला हवी असते ती ही निष्पापपणाची खात्री. निदान अचूक आहे. त्याच १९४८ साली, ४ नोव्हेंबरला, बाबासाहेब घटना समितीत राज्यघटनेचा मसुदा मांडत होते आणि खेड्याची आरती ओवाळणाऱ्यांना खेडे म्हणजे प्रत्यक्षात काय असते ते सुनावत होते. दोघांचा एकमेकांशी काही संबंध नाही. पण मला ही दोन खेडी शेजारी शेजारी ठेवून पाहावीशी वाटतात. ज्याचे घर गावकुसाबाहेर आहे त्याने गावाच्या निष्पापपणावर विश्वास कसा ठेवावा? त्याच्या लेखी गावाची घडी विस्कटणे हा गुन्हा नव्हे; ती घडी हाच गुन्हा आहे.

आता नोकरांकडे वळू. एस. एस. व्हॅन डाइन या अमेरिकन लेखकाने १९२८ साली रहस्यकथेचे वीस नियम छापले. त्यांतला एक असा की, खुनी म्हणून नोकराला निवडू नये. ते फार सोपे होते, आणि गुन्हेगार हा जरा लायकीचा, सहसा संशय न येणारा माणूस असला पाहिजे. हा नियम वाचून मी थबकलो. म्हणजे खून करण्याचीही पात्रता लागते! देवळात नाही, पाणवठ्यावर नाही, तशी अपराधातही जागा नाही. पुढच्याच वर्षी रोनाल्ड नॉक्स या धर्मगुरूने दहा आज्ञा लिहिल्या. त्यांत चिनी माणूस कथेत आणू नये ही एक. नॉक्सचा रोख त्या काळच्या भडक कथांतल्या ठोकळेबाज चिनी खलनायकांवर होता, असे त्याच्या बाजूने सांगितले जाते. ते खरे धरले तरी उपाय काय, तर माणसालाच कथेबाहेर काढणे. ठोकळा मोडून माणूस घडवणे त्याला सुचले नाही.

परंतु जो दिसत नाही तो पाहत असतो, ही गोष्ट या लेखकांतल्या शहाण्यांना ठाऊक होती. चेस्टरटनच्या 'द इनव्हिजिबल मॅन' या १९११ च्या संग्रहातल्या कथेत चार जण इमारतीवर पहारा ठेवतात आणि आत कोणी गेले नाही अशी शपथ घेतात. टपालवाला गेलेला असतो. त्याला कोणी 'कोणी'त धरलेलेच नसते. ख्रिस्ती यांच्या 'अ पॉकेट फुल ऑफ राय' (१९५३) या कादंबरीत ग्लॅडिस नावाची मोलकरीण आहे. अनाथाश्रमातून आलेली, साधी, प्रेमाला भुकेलेली. तिला गळा आवळून मारतात आणि तिच्या नाकाला कपडे वाळत घालायचा चिमटा लावून ठेवतात. मालक मेला म्हणून मिस मार्पल येत नाही. या चिमट्यासाठी येते. मेलेल्या मुलीची ही चेष्टा तिला सहन होत नाही. ख्रिस्ती यांच्या मला माहीत असलेल्या पानांत इतका खरा राग दुसरीकडे नाही. तरीही ग्लॅडिसला जे माहीत होते ते कळते तिच्या पत्रातून, तेही ती मेल्यानंतर उशिरा पोचलेल्या. जिवंतपणी तिला कोणी विचारलेले नसते.

नव्या पुस्तकांत यात काही फरक पडला आहे काय? पडला आहे, आणि तो मान्य केला पाहिजे. कॅनडाच्या नीटा प्रोज यांच्या 'द मेड' (२०२२) या कादंबरीची निवेदकच हॉटेलातली सफाई करणारी मॉली आहे. मालिका लोकप्रिय झाली. २०२५ मध्ये 'द मेड्स सीक्रेट' आली. पहिल्या पुस्तकात एक धनाढ्य पाहुणा बिछान्यात मेलेला सापडतो आणि संशय मॉलीवरच येतो. हे वास्तव आहे. घरात दागिना हरवला की पहिला हात कोणाच्या पिशवीत जातो, हे माझ्या त्या विद्यार्थिनीला पुस्तक न वाचताही ठाऊक आहे. शेवटी उलगडते की मॉलीने एक गोष्ट पाहिलेली होती आणि ती गिळून टाकली होती. येथे कादंबरी एका मोठ्या प्रश्नाच्या दाराशी येते: जिच्या शब्दाला किंमत नाही तिने साक्ष का द्यावी? पण लेखिका दार उघडत नाही. मॉली जगावेगळी आहे, तिला माणसांचे चेहरे वाचता येत नाहीत, म्हणून हे सारे घडले असे वाचकाला वाटत राहते. स्वच्छतेवर तिचे एवढे प्रेम आहे की पगार किती, पाठ दुखते का, हे विचारणेच अप्रशस्त वाटावे. शोषण आहे, पण ते मॉलीच्या स्वभावाच्या मऊ दुलईत गुंडाळलेले आहे.

ऑस्मन चतुर लेखक आहेत, विनोद उत्तम करतात, म्हातारपणाचे आणि मरणाचे दुःख त्यांना खरोखर कळते. पाचवे पुस्तक 'द इम्पॉसिबल फॉर्च्युन' २०२५ मध्ये आले. त्यांच्या चौकडीत रॉन हा जुना कामगार पुढारी आहे. तोही आता त्या महागड्या वृद्धवसाहतीत राहतो, त्याचा लढा आठवणी सांगण्यापुरता उरला आहे. (आपल्याकडे असे रॉन जिल्ह्याजिल्ह्यात आहेत.) मला मोलाचा वाटला तो बोगदान, पोलंडहून आलेला बांधकाम मजूर. शेवट फोडतो आहे, वाचकांनी क्षमा करावी: पहिल्या पुस्तकातला एक खून त्याच्या हातचा आहे. मित्राला मारणाऱ्याचा त्याने सूड घेतलेला असतो. कादंबरी त्याला पोलिसांच्या हवाली करत नाही. पुढच्या भागांत तो त्या मंडळींच्या घरचाच होतो. व्हॅन डाइनचा नियम येथे मोडला. २०२५ मध्ये यावर चित्रपट निघाला. त्यात मात्र बोगदानला अटक होते. पुस्तकाला जे धैर्य झाले ते पडद्याला झाले नाही.

आपल्या भूमीवरच्या दोन मालिका. हरिणी नागेंद्र यांची 'द बँगलोर डिटेक्टिव्ह्ज क्लब' (२०२२) १९२१ च्या बंगळूरमध्ये घडते. गणिताची आवड असलेली तरुण गृहिणी कावेरी शोध घेते, पुस्तकाच्या मागे पाककृती आहेत. प्रसन्न पुस्तक आहे. इतके प्रसन्न की जात नावाची गोष्ट त्यात हवापाण्यासारखी येते, आणि जाते. सुजाता मॅसी यांच्या पर्वीन मिस्त्रीची गोष्ट वेगळी. मुंबईतली पारशी स्त्री वकील, नाशिकला जन्मलेल्या कॉर्नेलिया सोराबजी यांच्यावरून सुचलेली. 'द मिस्ट्रेस ऑफ भाटिया हाऊस' (२०२३) मध्ये १९२२ ची मुंबई आहे. स्त्रियांच्या इस्पितळासाठी श्रीमंत बायकांचा चहा चाललेला असतो, एका मुलाच्या कपड्यांना आग लागते आणि सुनंदा नावाची आया त्याला वाचवते. पुढे तीच सुनंदा गर्भपाताच्या आरोपाखाली कोठडीत दिसते. चहा पिणाऱ्या हातांची दया आणि आयेच्या भाजलेल्या हातांची गत, हा विरोध मॅसी यांनी नेमका पकडला आहे. पण सुनंदाची कैफियत पर्वीनच्या तोंडून येते. सुटका होते ती वकिलिणीच्या बुद्धीने. आम्हांला हे ओळखीचे आहे. आमच्यासाठी बोलणाऱ्या भल्या माणसांचा इतिहास मोठा आहे.

म्हणून मला तीस वर्षांहून जुन्या पुस्तकाकडे जावे लागते. बार्बरा नीली या कृष्णवर्णीय अमेरिकन लेखिकेची 'ब्लँच ऑन द लॅम' १९९२ साली आली. ब्लँच व्हाइट ही काळीकुळकुळीत मोलकरीण; नावाचा अर्थ दोन्हीकडून 'पांढरी', आणि या थट्टेची तिला सवय आहे. न वटलेल्या चेकपायी तीस दिवसांची शिक्षा होते, ती पळते आणि एका गोऱ्या श्रीमंत कुटुंबात स्वयंपाकीण म्हणून लपते. तेथे मरणे सुरू होतात. ब्लँच छडा लावते तो भिंगाने नव्हे. ती टेबल पुसते, आणि तिच्यासमोर मालक बोलत राहतात, कारण ती त्यांच्या लेखी तेथे नसतेच. बाकीची माहिती ती इतर काळ्या नोकरांकडून मिळवते. गावातल्या घराघरांतली कुलुपे त्यांना आतून ठाऊक असतात. आणि नीली एका रोगाचे नाव घेतात: मालकावर जीव जडण्याचा रोग. त्या घरातल्या एका भाबड्या तरुणावर ब्लँचची माया बसू लागते तेव्हा ती स्वतःलाच दटावते. मॉलीला हा रोग झालेला आहे आणि तिच्या लेखिकेला तो सद्गुण वाटतो. दोन्ही पुस्तकांतले अंतर एवढेच आहे, आणि ते फार मोठे आहे.

१९७२ मध्ये पँथर उभी राहिली तेव्हापासून आम्ही काळ्यांचे साहित्य आपले मानले. राइट वाचला, बाल्डविन वाचला. पण नीली २०२० मध्ये वारल्या तेव्हा आमच्यापैकी किती जणांना हे नाव ठाऊक होते? मला नव्हते. रहस्यकथा म्हटले की आम्ही नाक मुरडतो. बाबूराव अर्नाळकरांच्या हजारावर रहस्यकथा कोणी वाचल्या? गिरणीकामगारांनी, चाळीतल्या पोरांनी, भाड्याने पुस्तके आणून. झुंजार आणि काळापहाड यांनी आमच्या थोरल्या पिढीला वाचनाची गोडी लावली, आणि आम्ही त्यांना समीक्षेत बसायला पाट दिला नाही.

खरे तर तपास ही आमची जुनी विद्या. गावात चोरी झाली की माग काढायला महार आणि रामोशी. शिवेचा वाद पडला की महाराची साक्ष प्रमाण. ज्याच्या शब्दावर गावाची हद्द ठरत होती त्याला त्याच गावाच्या विहिरीवर पाणी नव्हते. दुसरीकडे १८७१ च्या कायद्याने सबंध जमाती जन्मजात गुन्हेगार ठरवल्या आणि तो शिक्का १९५२ मध्ये कागदावरून पुसला तरी पोलीस चौकीतून पुसला नाही. अण्णा भाऊंच्या 'फकिरा'पासून (१९५९) 'उपरा', 'उचल्या'पर्यंत आमचे साहित्य संशयिताच्या जागी उभे राहून बोलले. साक्षीदाराच्या जागी उभे राहून रहस्यकथा मात्र लिहिली नाही.

ती लिहायची तर साचा उलटा करावा लागेल. २००६ च्या खैरलांजीत खुनी कोण हे रहस्य नव्हते. वाद होता तो हेतूचा. रहस्यकथेत हेतू म्हणजे मृत्युपत्र, वारसा, मत्सर. तेथे आठ जण दोषी ठरले, पण खालच्या न्यायालयाने २००८ मध्ये आणि उच्च न्यायालयाने २०१० मध्ये अत्याचार प्रतिबंधक कायदा लागू धरला नाही. हेतू सूडाचा ठरला, जातीचा नव्हे. २०१४ मध्ये अहमदनगर जिल्ह्यातल्या खर्ड्यात एका दलित विद्यार्थ्याला भरदिवसा शाळेच्या आवारातून मारत नेले आणि ठार केले. पाहणारे पुष्कळ होते. साक्षीदार उलटले, आणि २०१७ मध्ये नऊ आरोपी सत्र न्यायालयातून निर्दोष सुटले. सेंट मेरी मीडमध्ये कोणालाच माहीत नसते आणि शेवटच्या पानावर सर्वांना कळते. आमच्याकडे सर्वांना पहिल्या दिवशी माहीत असते आणि शेवटच्या पानापर्यंत कोणालाच आठवत नाही.

त्या विद्यार्थिनीला मी 'ब्लँच' वाचायला दिले. महिन्याने ती स्वतःच लिहिलेली आठ पाने घेऊन आली: एका सोसायटीत पाच घरी काम करणारी बाई, चौथ्या मजल्यावरचा मृत्यू, आणि जिन्यात तिने पाहिलेली एक ओली चप्पल. भाषा तिच्या आईची आहे, एकही शब्द बदलू नये अशी. "सर, हिला सगळं पहिल्याच पानात कळलंय," ती म्हणाली, "आता पुढं काय लिहू?" मी विचारले, ती बोलली तर तिची किती घरे सुटतील? "पाची," ती म्हणाली, आणि पाने परत घेऊन गेली. दुसरे प्रकरण अजून आलेले नाही.