जपानी चित्रकथेतील विज्ञानमिश्रित प्रणयप्रहसन : 'उरुसेई यात्सुरा'च्या निमित्ताने

प्रणय आणि विनोद ह्यांचा संबंध आपल्या साहित्यशास्त्राला अपरिचित नाही. शृंगारापासून हास्याचा उद्भव होतो, किंबहुना शृंगाराचे अनुकरण म्हणजेच हास्य होय, असे भरताने नाट्यशास्त्रात सांगून ठेवले आहे. ज्या चित्रकथांना जपानी भाषेत 'मांगा' म्हणतात, त्यांतील शाळकरी मुलामुलींच्या प्रेमाची प्रहसने वाचताना ह्या विधानाची वारंवार आठवण होते. तेथे शृंगार क्वचितच असतो. असतो तो शृंगाराचा आव, त्याची तालीम आणि त्याची फजिती. ह्या तालमीत परग्रहावरील माणसे, अंतराळयाने, मानवाकृती यंत्रे आणि अतींद्रिय शक्ती ह्यांची भर पडली म्हणजे जो संमिश्र प्रकार तयार होतो, त्याला पोरकट म्हणून बाजूस सारणारे टीकाकार पुष्कळ आहेत व त्याचे निस्सीम चाहतेही तितकेच आहेत. दोघांचाही अभिप्राय अपुरा आहे. ह्या प्रकाराचे आकर्षण आणि त्याचे दौर्बल्य ही एकाच मुळातून निघालेली आहेत, हे दोघांच्याही नजरेतून निसटते.

ह्या प्रकाराचा आदर्श म्हणून रुमिको ताकाहाशी ह्यांच्या 'उरुसेई यात्सुरा' ह्या कृतीकडे पाहणे इष्ट ठरेल. 1957 मध्ये नीगाता येथे जन्मलेल्या ह्या लेखिकेने विद्यार्थिदशेतच, 1978 साली, शोगाकुकान ह्या प्रकाशनसंस्थेच्या 'शोनेन संडे' साप्ताहिकात ही मालिका सुरू केली. प्रारंभी ती अनियमितपणे व पुढे दर आठवड्याला प्रसिद्ध होत गेली आणि 1987 मध्ये संपली तेव्हा तिचे 34 खंड भरले. 1980 सालचे शोगाकुकान पारितोषिक तिला मिळाले. विज्ञानकथेच्या चाहत्यांकडून दिले जाणारे सेइउन पारितोषिकही 1987 मध्ये तिला लाभले. साप्ताहिक मुख्यत: मुलग्यांचे आणि लेखिका विशीतील तरुणी, ही गोष्टही ध्यानात ठेवण्याजोगी आहे.

कथेचा आरंभ असा. ओनी नावाच्या परग्रहवासीयांनी पृथ्वीवर स्वारी केली आहे; मात्र युद्धाऐवजी शिवाशिवीच्या खेळावर पृथ्वीचे भवितव्य ठरणार आहे. पृथ्वीच्या वतीने कोणी खेळायचे हे संगणक ठरवतो आणि नेमका अतारू मोरोबोशी हा आळशी, स्त्रीलंपट व कमालीचा दुर्दैवी शाळकरी मुलगा निवडला जातो. आकाशात उडणाऱ्या लम ह्या ओनीकन्येची शिंगे त्याने दहा दिवसांत पकडावयाची आहेत. तो जिंकला तर त्याच्याशी लग्न करीन, असे त्याची मैत्रीण शिनोबू त्याला सांगते. अखेरच्या दिवशी तो जिंकतो, तोही सभ्य म्हणता येणार नाही अशा युक्तीने, आणि आता लग्न होणार म्हणून आनंदाने ओरडतो. लमला वाटते, ही मागणी आपल्यालाच आहे. ती होकार देते, आणि ह्या एका गैरसमजावर पुढील नऊ वर्षांचा डोलारा उभा राहतो.

गैरसमजावर नाटक उभारणे मराठी रसिकाला नवे नाही. देवलांच्या 'संशयकल्लोळ'मध्ये एका तसबिरीने केवढा गोंधळ माजविला! पण तेथे संशयाचे निराकरण हे नाटकाचे साध्य असते. ताकाहाशींच्या कथेत गैरसमज जवळजवळ लगेच उघडा पडतो आणि तरीही कोणी माघार घेत नाही. लम अतारूच्या घरीच मुक्काम ठोकते; अतारू इतर मुलींच्या मागे धावतो; लम विजेचा झटका देते; घराची कौले उडतात; आणि पुढच्या आठवड्यात कौले जागच्या जागी असतात.

येथे विज्ञानकथेच्या उपकरणांचे खरे कार्य काय, हा प्रश्न उपस्थित होतो. प्रणयप्रहसनाला अडथळा हवा असतो. जुन्या नाटकांत तो कुल, द्रव्य, वडीलधाऱ्यांची आज्ञा किंवा ऋषीचा शाप ह्या रूपाने येई. 1978 सालच्या जपानी शहरात, मुलेमुली एकाच वर्गात शिकत असताना, हे अडथळे पार नाहीसे झाले नसले तरी पुष्कळ क्षीण झाले होते. रिकाम्या झालेल्या त्या जागेवर परग्रह येऊन बसला. लमच्या ग्रहावरील चालीरीती, तिचा पूर्वीचा वाग्दत्त वर, तिच्या बालमैत्रिणींचे हेवेदावे हे सारे कुळाचारच आहेत. फक्त त्यांचे गोत्र आकाशातले आहे. अंतराळयान हे येथे सासर-माहेर करण्याचे वाहन होय. ह्या कथेत विज्ञान नाही, हा आक्षेप म्हणूनच खरा असूनही निरुपयोगी आहे. विज्ञान तेथे कधी नव्हतेच. होती ती अडथळ्याची गरज.

तथापि ह्या अडथळ्याला ताकाहाशींनी जे रूप दिले, त्यात त्यांची प्रतिभा दिसते. ओनी हा जपानी लोककथांतील राक्षस. ईशान्य ही त्याची अशुभ दिशा. जुन्या जपानी दिशागणनेत तिचे नाव बैल आणि वाघ ह्या दोन प्राण्यांवरून पडलेले, आणि म्हणून त्याला बैलाची शिंगे व वाघाचे कातडे. लमची शिंगे आणि तिचे व्याघ्रचर्म ह्यांचा उगम हा आहे. सेत्सुबुन ह्या सणाला घराबाहेर सोयाबीन फेकून ओनीला हुसकावण्याची प्रथा आहे. कथेत ओनी आणि भाग्यदेवता ह्यांची आतषबाजीसह लढाई जुंपते आणि सोयाबीन हे तिचे शस्त्र होते. हिमकन्येच्या लोककथेतून आलेली ओयुकी नेपच्यूनची राणी होते. भाग्यदेवतांच्या पक्षाकडून येते ती साखळदंड फिरविणारी, वाहन भरधाव हाकणारी बेन्तेन. ही बेन्तेन, अर्थात बेन्झाइतेन, म्हणजे बौद्ध धर्माच्या वाटेने जपानात पोचलेली आपली सरस्वतीच होय. वीणा सोडून तिने असे कसे केले, असा प्रश्न भारतीय वाचकाला पडावा! पण देवतांच्या देशांतरात असे फेरफार होतच असतात, आणि ताकाहाशींनी तर देवतेचे नव्हे, लोकांच्या आठवणीतील खेळण्याचे रूपांतर केले आहे.

सारांश, दूरच्या ग्रहावरून जे येते ते वस्तुत: आजीच्या गोष्टींतून येते. आधुनिक, सिमेंटच्या घरांच्या वस्तीत पुराणी दैवते पुन्हा वावरू लागतात, आणि त्यांना परग्रहवासी म्हटल्यामुळे कोणालाही त्यांच्यावर श्रद्धा ठेवण्याची सक्ती उरत नाही. गावाचे तोमोबिकी हे नावसुद्धा जपानी पंचांगातील एका दिवसाचे आहे; मृत माणूस सोबत मित्राला ओढून नेईल ह्या समजुतीने त्या दिवशी अंत्यविधी टाळतात. अतारूचा जन्म पाश्चात्त्यांच्या अशुभ 13 तारखेच्या शुक्रवारी आणि त्याच वेळी जपानी गणनेतील सर्वांत अशुभ दिवशी झालेला. दोन संस्कृतींचे अपशकुन एकाच पोराच्या माथी मारणारी ही कल्पना पुष्कळ पांडित्यपूर्ण ग्रंथांपेक्षा त्या काळच्या जपानी समाजाविषयी अधिक सांगून जाते. तशीच दुसरी एक कथा : अतारू शाळेला उशीर होतो म्हणून परग्रहावरील टॅक्सीत बसतो आणि भाडे म्हणून पृथ्वीवरील सगळे खनिज तेल मागितले जाते. 1973 च्या तेलटंचाईची धास्ती ज्या देशाने ताजी अनुभवली होती, तेथे ही अतिशयोक्ती नुसती अतिशयोक्ती राहत नाही.

भाषेचा विचार केल्यावाचून हे विवेचन पुरे होणार नाही. शीर्षकातच कोटी आहे. 'कटकटे' ह्या अर्थाच्या बोली शब्दाचा शेवटचा अवयव ताऱ्याच्या चिन्हाने लिहून लेखिकेने त्याला आकाशाशी जोडले. लमच्या वाक्यांना सेन्दाईकडील बोलीसारखा हेल असतो आणि नायकाला मात्र ती इंग्रजीतल्या 'डार्लिंग' ह्या संबोधनाने हाका मारते. परग्रहावरील राजस कन्येला गावंढी बोली देणे म्हणजे एखाद्या अप्सरेच्या तोंडी मालवणी घालण्यासारखे आहे. ती जितकी दूरची, तितकी तिची वाणी घरगुती. भाषांतरात हे सर्व हरपते व उरते ते केवळ चित्र. मग चित्रातील अल्पवस्त्रा लमच तेवढी दिसते आणि कृतीचा तोल बिघडतो.

हा तोल मुळातही नेहमी सांभाळला गेला आहे असे म्हणता येणार नाही. अतारूची लंपटता हा विनोदाचा कायमचा साठा आहे. मुलींना ती त्रासदायक वाटते हे चित्रात दिसते, पण एका फटक्याने तिचा हिशेब चुकता होतो. शिक्षा दर वेळी होते म्हणून अपराध दर वेळी क्षम्य ठरतो. पहिल्या कथेपुरतीच कल्पिलेली लम पुढे नायिका झाली तेव्हा शिनोबूची जागा हळूहळू आकसत गेली, आणि टेबले फेकणारी बलवान मुलगी एवढीच तिची ओळख पुष्कळ काळ उरली. स्वारीवर आलेल्या जमातीची कन्या नवऱ्याच्या हजेरीपटासारखी त्याच्यावर पाळत ठेवते, ह्यात गंमत आहे हे खरे. परंतु परकेपणाचे असे संपूर्ण गृहिणीकरण करून टाकल्यावर परकेपणाविषयी काही म्हणण्याची संधी लेखिकेने स्वत:च घालविली, हेही तितकेच खरे आहे.

दुसरे वैगुण्य काळासंबंधीचे. ऋतू बदलतात, सण येतात, पण कोणी वरच्या वर्गात जात नाही. साप्ताहिकाच्या अर्थकारणाला हे सोयीचे असते. वाचकालाही ते हवेसे वाटते, कारण कौमार्याचा तो काळ संपू नये अशी त्याचीच इच्छा असते. पण जेथे काळ नाही तेथे निर्णय नाही, आणि निर्णय नाही तेथे प्रेम ही केवळ एक सवय होऊन बसते. ह्या वैगुण्यावरील सर्वांत मार्मिक टीका टीकाकाराने नव्हे, तर मामोरू ओशी ह्या दिग्दर्शकाने केली. ह्याच मालिकेवरील 'ब्यूटिफुल ड्रीमर' ह्या 1984 च्या चित्रपटात शाळेच्या उत्सवाचा आदला दिवस पुन:पुन्हा उगवत राहतो आणि हे कोणाच्या तरी स्वप्नात चालले आहे असे उघड होते. मूळ कृतीचे सुख आणि तिची कोंडी त्याने एकाच प्रतिमेत पकडली.

पुढील लेखकांनी ह्या वारशाचे काय केले, हे पाहणे उद्बोधक आहे. इझुमी मात्सुमोतो ह्यांच्या 'किमागुरे ऑरेंज रोड'मध्ये (1984 ते 1987) अतींद्रिय शक्ती लपवावी लागते. तेथे विज्ञान हे तारुण्यातील संकोचाचे रूपक होते, आणि दोन मुलींमध्ये घुटमळणारा नायक अखेर भूतकाळात जातो तेव्हा त्याच्या घुटमळण्याला एक कोवळी खंत लाभते. मासाकाझू कात्सुरा ह्यांच्या 'व्हिडिओ गर्ल आय' (1989 ते 1992) ह्या कथेचा पाया तर अधिकच सूक्ष्म आहे. विरही मुलाच्या सांत्वनासाठी ध्वनिचित्रफितीतून एक आदर्श मुलगी बाहेर येणार असते. पण यंत्र बिघडलेले असल्यामुळे येते ती आडदांड, स्वयंपाक बिघडविणारी, आणि प्रेम करण्याची तिला मुभा नसताना प्रेम करू लागणारी. बिघाड हेच तिचे व्यक्तित्व. मागणीनुसार घडविलेली स्त्री ही स्त्री नसते, हे कात्सुरांना कळले होते. त्यांच्या रेखाटनात स्त्रीदेहाची अकारण आसक्ती नसती तर ह्या कळण्याला अधिक वजन आले असते.

साकी हासेमी व केंतारो याबुकी ह्यांच्या 'तो लव्ह-रू'मध्ये (2006 ते 2009) मात्र लमचा साचा तेवढा उरतो. परग्रहावरील राजकन्या आहे, अजाणता झालेल्या स्पर्शाचा विवाहाची मागणी असा अर्थ लावणारी तिच्या ग्रहाची रीत आहे, आणि पुढे अपघाती स्पर्शांची न संपणारी मालिका आहे. तेथे नायकाची इच्छाही नाहीशी होते; सर्व काही 'चुकून' घडते. अतारू निर्लज्ज होता, पण निदान तो स्वत:च्या इच्छेचा धनी होता. ह्या उत्तरकालीन नायकाचा सोज्ज्वळपणा ही वाचकाच्या सोयीसाठी केलेली लबाडी आहे. 'क्लॅम्प' ह्या लेखिकांच्या गटाची 'चोबित्स' (2000 ते 2002) ही कृती, तिचा नायक शाळकरी नसला तरी, येथे आठवावी लागते. यंत्रकन्या ची हिची कळ अशा ठिकाणी आहे की देहसंबंध साधू जाता तिची स्मृतीच पुसली जाईल. योजना ओबडधोबड आहे, कदाचित अशोभनीयही. पण भोग हवा की समोरच्याची ओळख हवी, हा प्रश्न ती टाळत नाही.

स्मृतिनाशाची ही भीती 'उरुसेई यात्सुरा'च्या शेवटच्या प्रदीर्घ कथेतही आहे, आणि त्या कथेमुळेच पूर्वीच्या 33 खंडांकडे पाहण्याची दृष्टी बदलते. दुरावलेली लम पुन्हा शिवाशिवीचा डाव मांडते. ह्या वेळी अतारू हरला तर पृथ्वीवरील सर्वांच्या मनातून लमची आठवण पुसून टाकली जाईल. 'माझे तुझ्यावर प्रेम आहे' एवढे त्याने म्हटले तरी पुरे, अशी सवलत आहे. आणि जन्मभर प्रत्येक मुलीला हेच वाक्य ऐकविणारा हा मुलगा नेमके ह्याच वेळी ते उच्चारत नाही. दबावाखाली काढलेला शब्द खरा की खोटा हे ऐकणारीला कधीच कळणार नाही, हे त्याला उमगले आहे. कालिदासाने दुर्वासाच्या शापाने स्मृती हिरावून घेतली आणि अंगठीने ती परत दिली. ताकाहाशींच्या कथेत शाप अद्याप फळाला यावयाचा आहे, आणि अतारूच्या मुठीतून निसटून पडते ती लमच्या शिंगांची त्याने जपून ठेवलेली जोडी. ज्या शिंगांसाठी पहिला खेळ झाला, तीच येथे अभिज्ञान होतात. शब्दाची जागा वस्तू घेते, लमला जे कळायचे ते कळते आणि डाव संपतो. ते वाक्य मात्र शेवटपर्यंत उच्चारले जात नाही. मरतेवेळी म्हणेन, एवढेच तो कबूल करतो.

एवढ्यासाठी नऊ वर्षे घालवावीत काय, असे कोणी विचारील. त्या प्रश्नाचे उत्तर देताना हे विसरता येणार नाही की, पुनरावृत्तीने जे शब्द झिजून गेले ते न बोलण्याला अर्थ आला तो त्या पुनरावृत्तीमुळेच. दोनशे पानांच्या कादंबरीत अतारूचे मौन केवळ हट्ट वाटले असते. आणि हेही विसरता येणार नाही की, ज्या मुलींना ते वाक्य फुकट ऐकविण्यात आले आणि ज्यांच्या त्राग्यावर त्या मौनाची किंमत वाढली, त्यांच्या वाट्याला ह्या कृतीने शेवटच्या डावातही प्रेक्षकांचीच जागा ठेवली आहे.