'रोमन कँडल' : खासगीपणाची घडण

प्रस्तुत लेखात अमेरिकन गायक-गीतकार एलियट स्मिथ (१९६९–२००३) याच्या 'रोमन कँडल' या पहिल्या एकल अल्बमचा विचार करावयाचा आहे. जुलै १९९४ मध्ये ओरेगन राज्यातील पोर्टलंड येथील 'कॅव्हिटी सर्च' या छोट्या कंपनीने तो प्रसिद्ध केला. नऊ रचना, सुमारे अर्ध्या तासाचा अवधी, बहुतांशी अकूस्टिक गिटार आणि कुजबुजीच्या पातळीवरचा आवाज, एवढाच त्याचा पसारा. या अल्बमविषयी जे लिहिले गेले आहे, त्यातील बराचसा भाग दोन गृहीतकांवर उभा आहे. ही मुळात कच्ची टिपणे होती, हे पहिले. आणि ही एका दुःखी माणसाची थेट कबुली आहे, हे दुसरे. पहिले गृहीतक अर्धे खरे आहे. दुसऱ्याने मात्र या अल्बमच्या आकलनाची मोठी हानी केली आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते.

१९९४ मध्ये स्मिथची ओळख होती ती 'हीटमायझर' या रॉक बँडचा एक गायक व गिटारवादक म्हणून. मॅसॅच्युसेट्समधील हॅम्पशायर कॉलेजात शिकत असताना त्याची नील गस्टशी गाठ पडली आणि पदवीनंतर पोर्टलंडला येऊन या दोघांनी इतर सहकाऱ्यांसह बँड उभा केला. 'डेड एअर' (१९९३) व 'कॉप अँड स्पीडर' (१९९४) हे त्यांचे पहिले दोन अल्बम ऐकले, की विजेवरच्या गिटारींचा जाड थर आणि ताणून, ओरडून गायलेले शब्द हेच प्रथम जाणवते. शेजारच्या सिएटलमधील ग्रंज संगीताचा तो भरभराटीचा काळ होता. या गदारोळाच्या बाजूला, बँडच्या व्यवस्थापिकेच्या घरातील तळघरात, स्मिथने एका फोर-ट्रॅक रेकॉर्डरवर ही गाणी एकट्याने ध्वनिमुद्रित केली. त्यातून पूर्ण अल्बम काढावा असा त्याचा बेत नव्हता. फार तर काही गाणी बाहेर येतील अशी त्याची अपेक्षा होती. कंपनीने मात्र संपूर्ण ध्वनिमुद्रण आहे तसेच मागितले. म्हणजे अल्बम म्हणून याची आखणी झाली नव्हती, हे मान्य करावे लागते. पण म्हणून ही गाणी कच्ची ठरतात काय?

याचे उत्तर यंत्राच्या स्वरूपात शोधावे लागेल. फोर-ट्रॅक यंत्रात फितीवर एकमेकांना समांतर अशा चार पट्ट्या असतात. एकीवर गिटार, दुसरीवर आवाज, असे टप्प्याटप्प्याने मुद्रण करीत जायचे. पाचवा स्वर हवा असेल तर आधीच्या दोन पट्ट्या एकीत विलीन कराव्या लागतात. त्यात ध्वनीची स्पष्टता कमी होते आणि एकदा विलीन केलेले पुन्हा सुटे करता येत नाही. अशा यंत्रावर काम करणाऱ्यास काय ठेवायचे व काय वगळायचे हे आधीच ठरवावे लागते. आता स्मिथने या चार पट्ट्यांचा विनियोग कसा केला ते पाहावे. अनेक गाण्यांत त्याने एकच ओळ दोनदा गाऊन दोन्ही आवाज एकावर एक ठेवले आहेत. चारच जागा असताना त्यातील दोन एकाच चालीसाठी खर्च करणे हा उधळेपणा वाटेल; परंतु या अल्बमचा सर्व परिणाम तेथेच आहे. ऐकणाऱ्यास कानाशी बोलणारा, किंचित थरथरणारा एकच आवाज भासतो. लक्षपूर्वक ऐकल्यास शब्दांच्या कडा कोठे कोठे सुटलेल्या दिसतात आणि आवाज दोन आहेत हे कळते. असे गाण्यासाठी श्वास कोठे घ्यायचा, व्यंजन किती दाबायचे, अक्षर कोठे सोडायचे हे सारे पहिल्यांदा गाताना निश्चित असावे लागते. मनाचा बांध फुटून बोलणारा माणूस तेच बोलणे श्वासासकट दुसऱ्यांदा जुळवून बोलत नाही. ज्याला समीक्षकांनी सहजोद्गार मानले, ती पूर्वतयारीने साधलेली कारागिरी आहे.

गीतांकडे वळल्यास हीच गोष्ट निराळ्या अंगाने प्रत्ययास येते. 'रोमन कँडल' म्हणजे नळीतून एकामागून एक पेटते गोळे उडविणारे शोभेचे दारूकाम. शीर्षकगीतातील संताप स्मिथच्या सावत्र वडिलांशी जोडून वाचण्याची प्रथा आहे आणि चरित्रात त्यास आधारही आहे. तथापि गीत म्हणून विचार करता लक्षात राहते ते निराळेच. कोणा 'त्या'ला इजा करण्याची इच्छा येथे अत्यंत दबक्या आवाजात, वेगाने चालणाऱ्या गिटारीवर बोलून दाखविली आहे. हीटमायझरमध्ये राग ओरडण्यातच खर्ची पडतो. येथे तो बाहेर पडू दिलेला नाही, म्हणून तो अधिक भयकारी वाटतो. 'कॉन्डॉर अव्हेन्यू' हे तर उघडच कथागीत आहे. भांडणानंतर गाडी घेऊन निघून गेलेली स्त्री, तिचा अपघात आणि मागे राहिलेल्या निवेदकाची अपराधभावना व चीड यांची त्यात गुंफण आहे. निवेदकाचा रोख कधी तिच्याकडे, कधी स्वतःकडे वळत राहतो. अल्बममधील हे सर्वोत्तम गीत होय. 'ड्राइव्ह ऑल ओव्हर टाउन' मध्येही तृतीयपुरुषी निवेदन आहे, मात्र ते रेखाटनाच्या पलीकडे जात नाही. चार गाण्यांना नावेच दिलेली नाहीत. 'नो नेम' आणि पुढे एक ते चार असे क्रमांक. या चौघांतील पहिले सोडल्यास उरलेल्यांत गिटारीच्या बोटकामाचे साचे एकमेकांसारखे होतात आणि अल्बमचा मधला भाग काहीसा सपाट वाटतो, हे नोंदविले पाहिजे. 'लास्ट कॉल' या दीर्घ गीतात विजेवरची गिटार येते आणि अखेरीस एकाच वाक्याची आवर्तने होत राहतात. बँडमधला स्मिथ आणि तळघरातला स्मिथ यांची गाठ पडते ती येथेच.

आणखी दोन गोष्टींकडे अभ्यासकांचे पुरेसे लक्ष गेलेले नाही. मुखपृष्ठावरील छायाचित्रात स्मिथ नाहीच. तेथे नील गस्ट आणि एक मैत्रीण दिसतात. आणि शेवटची रचना, जिला एका स्वस्त मद्याचे नाव दिले आहे, ती शब्दविरहित आहे. आत्मनिवेदन म्हणून गाजलेल्या या अल्बमच्या मुखपृष्ठावर निवेदक नसावा आणि अखेरीस निवेदनच थांबावे, याचा अर्थ लावल्याशिवाय पुढे जाता येणार नाही.

कबुलीचे वाचन इतके रूढ कसे झाले, याचे कारण नंतरच्या घटनांत आहे. १९९५ व १९९७ च्या अल्बमनंतर 'गुड विल हंटिंग' (१९९७) या चित्रपटातील 'मिस मिझरी' या गाण्यास ऑस्करचे नामांकन मिळाले. मार्च १९९८ मध्ये स्मिथने ते समारंभात गायले. पारितोषिक 'टायटॅनिक' मधील गाण्यास गेले. २१ ऑक्टोबर २००३ रोजी लॉस एंजलिस येथे छातीवरील वारांनी त्याचा मृत्यू झाला. ती आत्महत्या होती की नाही, हे शवचिकित्सेने अनिर्णित ठेवले. तरीही त्यानंतर 'रोमन कँडल' कडे त्या अंताची पूर्वसूचना म्हणून पाहिले जाऊ लागले. शवचिकित्सेला जे ठरविता आले नाही ते नऊ वर्षांपूर्वीच्या गाण्यांवरून ठरविण्याचा हा प्रकार आहे. पंचविशीच्या आतबाहेरच्या, दोन निरनिराळ्या शैलींत एकाच वेळी काम करणाऱ्या संगीतकाराची निवड त्यात पार दिसेनाशी होते.

या दृष्टीने २०१० ची पुनरावृत्ती विचारात घेण्याजोगी आहे. 'किल रॉक स्टार्स' या कंपनीने ती काढली आणि ध्वनिसंस्कार केले लॅरी क्रेन याने. तो स्मिथचा सहकारी, पुढे त्याच्या ध्वनिमुद्रणांचा जतनकर्ता. तारांवरून बोटे सरकताना उमटणारा चीत्कार आणि 'स'सारख्या वर्णांचा खरखरीतपणा आपण कमी केला, मूळ मिश्रण मात्र स्मिथचेच कायम ठेवले, असे त्याने प्रांजळपणे नमूद केले आहे. हेतू चांगला, हात सावध. परंतु पाठचिकित्सा शिकविणाऱ्या आपल्यासारख्यांस येथे थबकावे लागते. तारांचा चीत्कार हा लेखनिकाच्या हस्तदोषासारखा मानून काढून टाकावयाचा, की लेखकाने वाचून तसाच राहू दिलेला पाठ मानावयाचा? स्मिथने तो ऐकला होता आणि प्रसिद्धीस संमती दिली होती. शिवाय दोन आवाजांच्या कडा जेथे सुटतात तेथे बहुधा हेच ऊष्म वर्ण असतात. ते मऊ केले की दोन आवाज एक भासू लागतात आणि ज्या कारागिरीचा वर उल्लेख केला तिचा माग पुसट होतो. २०१० ची आवृत्ती ऐकावयास सुखद आहे यात शंका नाही. अभ्यासासाठी मात्र १९९४ चीच प्रत वापरावी, आणि ती हेडफोन लावून ऐकावी.