‘कुंकू’ : सावत्रपण आणि घराचे इमान

व्ही. शांताराम यांनी पुण्याच्या प्रभात फिल्म कंपनीसाठी इ. स. १९३७ मध्ये दिग्दर्शित केलेला ‘कुंकू’ हा बोलपट मराठीप्रमाणेच हिंदीतही निघाला. हिंदीत त्याचे नाव ‘दुनिया न माने’ असे होते. नारायण हरी आपटे यांच्या ‘न पटणारी गोष्ट’ या कादंबरीवर तो आधारलेला आहे. जरठ-कुमारी विवाहाच्या प्रश्नावरील बोलपट म्हणूनच त्याची चर्चा बहुधा होत आली. ही चर्चा चुकीची नसली तरी अपुरी आहे, असे प्रस्तुत लेखकास वाटते. ज्या घरात पहिल्या पत्नीची मुले वाढली आहेत त्या घरात दुसरी पत्नी आली म्हणजे कोणी कोणाशी इमान राखावयाचे, हा या कृतीतील खरा पेच होय.

या दृष्टीने गोविंद बल्लाळ देवल यांच्या ‘संगीत शारदा’ (१८९९) या नाटकाशी तिची तुलना उद्बोधक ठरते. देवलांच्या नाटकात भुजंगनाथाचे लग्न सगोत्रतेच्या कारणाने मोडते आणि शारदेची सुटका होते. याचा अर्थ असा की, नवी वधू ज्या घरात जावयाची त्या घराचा उंबरठा ओलांडण्याची वेळ नाटककारावर येतच नाही. ‘कुंकू’ मध्ये मात्र लग्न लागून गेलेले आहे, आणि देवल जेथे थांबले तेथून कथानक पुढे सरकू लागते. मधल्या काळात १९२९ चा बालविवाह प्रतिबंधक कायदा झाला. हरबिलास सारडा यांच्या नावाने ओळखला जाणारा हा कायदा आणि देवलांची नायिका यांच्या नावांतील साम्य हा निव्वळ योगायोग होय. पण या कायद्याने मुलीचे किमान वय चौदा ठरविले एवढेच. वराचे वय जास्तीत जास्त किती असावे यावर त्याने कोणतीच मर्यादा घातली नाही. नीरा बालिका नाही. तिला सर्व कळते. त्यामुळे तिचे दुःख कायद्याच्या कक्षेबाहेरचे आहे.

ज्यांच्या आश्रयाने ती वाढली त्या नातलगांनीच तिला फसविले, आणि येथेच रक्ताच्या नात्याचे पहिले इमान सुटले. सासरी तिच्याकडून मात्र पूर्ण इमानाची अपेक्षा केली जाते. सासूच्या जागी असलेली वृद्ध स्त्री तिला धाकात ठेवू पाहते. सावत्र मुलगा पंडित तिच्यावर वाईट नजर ठेवतो. काकासाहेब व्यवसायाने वकील आणि विचाराने सुधारक. पण आपण केलेल्या विवाहाच्या बाबतीत ही सुधारकी त्यांच्या उपयोगी पडत नाही. शांता आपटे यांनी नीरेचा नकार ज्या ठामपणे उभा केला आहे, त्यात आक्रस्ताळेपणा कोठेही नाही. पत्नी म्हणून राहण्याचे ती नाकारते, पण घर सोडून जात नाही. केशवराव दाते यांचा काकासाहेबही खलपुरुष नव्हे. आरशासमोर आपले वय न्याहाळणारा हा गृहस्थ हास्यास्पद वाटत असतानाच करुण होत जातो. बोलपटात पार्श्वसंगीत नाही. घरातील नेहमीचे आवाज तेवढे ऐकू येतात. त्या शांततेत घड्याळाची टिकटिक जड वाटू लागते.

तथापि या घरातील सर्वांत विचार करावयास लावणारी व्यक्ती, माझ्या मते, काकासाहेबांची कन्या होय. ही भूमिका शकुंतला परांजपे यांनी केली आहे. वयाने ती नीरेच्या बरोबरीची आहे. रूढीप्रमाणे तिने मृत आईच्या स्मृतीशी किंवा पित्याच्या प्रतिष्ठेशी एकनिष्ठ राहावे. दोन्ही वाटांनी नीरा परकीच ठरते. पण ती नीरेच्या बाजूने उभी राहते. सावत्र मुलीने सावत्र आईची कड घ्यावी, हे आपल्या कथावाङ्मयाच्या सवयीला धरून नव्हते. पंडिताचे चित्रण मात्र सोपे झाले आहे. दुसऱ्या विवाहाने मुलाच्या मनात उठणारे वादळ पुष्कळदा मिळकतीचे असते. योगायोग असा की, त्याच १९३७ साली अमलात आलेल्या हिंदू स्त्रियांच्या मिळकतीविषयक कायद्याने विधवेला पतीच्या स्वतंत्र मिळकतीत मुलाइतका हिस्सा, हयातीपुरता का होईना, दिला. सावत्र आईकडे वाटेकरी म्हणून पाहणारा मुलगा रंगविला असता तर पेच अधिक खोल गेला असता. त्याला लंपट करून टाकल्याने प्रेक्षकाचा निर्णय आधीच होऊन जातो.

हिंदी आवृत्तीचे नाव का बदलले, याचाही विचार व्हावा. पिंपरी-चिंचवड-चाकण या औद्योगिक पट्ट्यातून येणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांना, शेजारात दोन्ही भाषा ऐकत असल्यामुळे, हा भेद चटकन उमगेल. उत्तरेकडे भांगातील सिंदूर हा विवाहाचा संस्कार आहे आणि तो प्रथम पती भरतो. महाराष्ट्रात कुंकू कुमारिकाही लावते, आणि रोज स्वतःच्या हाताने लावते. लग्नानंतर तेच पतीच्या आयुष्याची खूण बनते. कपाळावरचे कुंकू मुलीचे स्वतःचे की नवऱ्याचे, ही संदिग्धता मराठी नावात आहे. हिंदी नावाने वादाचे क्षेत्र कपाळावरून उचलून ‘दुनिये’त नेले. यात व्याप्ती वाढली, पण धार कमी झाली.

काकासाहेबांच्या आत्महत्येवर भावविवशतेचा आक्षेप घेता येईल, पण तो घेताना काळ विसरू नये. बडोदे संस्थानात १९३१ पासून हिंदूंना घटस्फोटाचा कायदा होता. मुंबई प्रांतात तो १९४७ मध्ये आला. अनेक जातींत काडीमोड व पाट रूढ होते, परंतु काकासाहेबांच्या पांढरपेशा समाजाला ती वाट नव्हती. अशा स्थितीत नीरेला मोकळे करावयाचे तर पतीच्या मृत्यूवाचून दुसरे दार लेखकाजवळ उरत नाही. खरा आक्षेप वेगळा आहे. अनुरूप पुरुषाशी विवाह कर असे सुचवून काकासाहेब जातात. मुलीसाठी अनुरूप वर इच्छिणे हे पित्याचे काम. म्हणजे पतीचे नाते ते शेवटी पित्याच्या नात्यात बदलतात. हा बदल उदात्त असला तरी तो पुन्हा त्यांनीच ठरविलेला आहे. इतका वेळ स्वतःच्या नकारावर उभी असलेली नीरा या क्षणी कोणाची तरी आज्ञा ऐकणारी होते. आणि जिने आपल्या पित्याविरुद्ध तिची बाजू घेतली, त्या मुलीचे व नीरेचे नाते या मृत्यूनंतर काय राहणार, याविषयी बोलपट मौन पाळतो.