नावाविना स्मारक

पहिल्या महायुद्धाच्या शिळा महाराष्ट्रात गावोगाव आहेत. ‘इतके गेले, इतके कामी आले’ एवढाच त्यांपैकी बहुतेकींवरील मजकूर. नाव एकाचेही नाही. निनावी दस्तऐवजास न्यायालयात जी किंमत, तीच या शिळांस द्यावी लागते.

१९२९ साली उघडलेल्या बसरा येथील स्मारकाचाही दोष हाच. तेथे ४०,००० हून अधिक मृतांची नोंद आहे. परंतु गोऱ्यांची नावे कोरली आणि हिंदी शिपायांचे मात्र पलटणवार आकडे दिले. ज्या मराठा पलटणींची परंपरा आज बेळगावी नांदते, त्यांचे शिपाईही त्या आकड्यांत बुडाले. जागेची अडचण म्हणावी, तर फ्रान्समधील न्यूव्ह शापेलच्या १९२७ च्या स्मारकावर ४,७०० हून अधिक हिंदी वीरांची नावे आहेतच. उणीव दगडाची नव्हे, दृष्टीची होती. २०२१ साली स्मारक-आयोगाने त्याबद्दल क्षमा मागितली. पण क्षमेने नावे उमटत नाहीत.

श्राद्धात नामगोत्राचा उच्चार केल्यावाचून आपण पिंड देत नाही. आकड्याला कोणते गोत्र? म्हणून आम्ही म्हणतो, देवस्थानांनीच पेन्शनचे कागद व घरोघरच्या आठवणी धुंडाळून आपापल्या गावच्या वीरांची नावे वहीत उतरवावीत. दगड मागाहून येईल.